मुद्देमाल : भाग दुसरा, एम ते झेड

कोर्टाचा बेलिफ गल्लीच्या तोंडाशी दिसला की मागच्या दाराने निघून जाणारा माणूस म्हणून रंगरावांची दोन वर्षं ख्याती होती. तीन समन्सं 'इसम घरी मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत गेली होती. चौथ्याला त्यांनी पोटदुखीचं सर्टिफिकेट जोडलं होतं. तेच रंगराव भाद्रपदातल्या एका सोमवारी, धुतलेली टोपी घालून, कोणी बोलावलेलं नसताना कोर्टाच्या पायऱ्या चढून गेले आणि नाझर मोतीरामच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "मले समन्स पाहिजे."

मोतीरामने चष्मा कपाळावर चढवला. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्याने समन्स चुकवणारे पाहिले होते, फाडणारे पाहिले होते, एकाने तर ते बेलिफाच्या डोळ्यांदेखत बकरीला चारलं होतं. मागायला आलेला हा पहिलाच.

"तब्येत बरी आहे न, रंगरावजी?"

"एकदम बरी. साक्ष द्याची आहे. डिक्शनरीच्या केसमंधी."

"दोन वर्षं आमचा बेलिफ तुमाले हुडकून राह्यला, तवा तुमी देऊळघाटले भावाच्या वांग्याच्या वावरात लपून बसले. आता काऊन?"

"अंतरात्मा," रंगराव म्हणाले.

मोतीरामने रजिस्टर उघडून अंतरात्मा हे कारण कोणत्या रकान्यात बसतं ते पाहिलं. बसत नव्हतं. त्याने 'इतर' मध्ये घातलं.

खरं कारण अंतरात्मा नव्हता, शिलाई मशीन होती.

हे कोणत्या गावी घडलं ते सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर कोणीतरी अब्रूनुकसानीचा दावा लावील, आणि तो ज्या कोर्टात लागेल तेच कोर्ट या गोष्टीत आहे.

तर या गावात रंगराव हे इंग्रजीचे मालक होते. गावात कोणाला तार आली की लोक आधी रडून घेत आणि मग ती वाचून घ्यायला रंगरावांकडे येत. निम्म्या लोकांना ते रडणं परत घ्यायला लावत, कारण तारेत 'मुलगा झाला' एवढंच असे. कचेरीत त्यांच्या मसुद्यांचा दरारा होता. 'आय हॅव द ऑनर टू बी, सर' हे वाक्य ते असं काही लिहीत की वाचणाऱ्या साहेबाला आपल्यात ऑनर आहे असं खरंच वाटू लागे. पण नवं राज्य झालं, पाठोपाठ जिल्हा परिषद आणि पंचायत समिती झाली, रंगराव समितीत हेडक्लार्क झाले आणि वरून सांगणं आलं की पत्रव्यवहार होता होईल तो मराठीत करावा. नव्या साहेबांनी त्यांच्या एका मसुद्यातली ऑनरची संपूर्ण ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'आपला विश्वासू.' तीन शब्दही नाहीत! रंगराव त्या दिवशी डबा न खाता घरी आले होते.

म्हणून मुंबईच्या इंग्रजी साप्ताहिकातली शब्दस्पर्धा त्यांना देवाने पाठवल्यासारखी वाटली. या साप्ताहिकाचे दोनच अंक गावात येत. एक रंगरावांना. दुसरा कोणाला, ते पोस्टमन निवृत्ती सांगत नसे. विचारलं की आकाशाकडे बघून म्हणे, "टपाल खात्याची शपथ आहे."

स्पर्धा वाचायला सोपी होती. ज्यांत क्यू आणि झेड ही दोन्ही अक्षरं येतात असे जास्तीत जास्त इंग्रजी शब्द शोधा. माणसांची, गावांची नावं चालणार नाहीत. पहिलं बक्षीस, पायाने चालवायची शिलाई मशीन. दुसरं, फाउंटन पेन. रंगरावांची नजर पेनावर होती. पण जेवताना त्यांनी दोन्ही बक्षिसं मोठ्याने वाचली आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "हे तर डाव्या हाताचं काम आहे."

ही चूक झाली. त्यांच्या बायकोने, सत्यभामाबाईंनी, क्यू ऐकला नाही, झेड ऐकला नाही. मशीन ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या कुडाच्या पलीकडून मागच्या घरच्या कौशल्याबाईंना ही बातमी कळली. संध्याकाळपर्यंत तीन पोलक्यांची कापडं घरात आली. शनिवारपर्यंत अकरा झाली. आणि शिवायला टाकायचं पोलकं एकटं येत नाही, हे पुरुषांना माहीत नसतं. त्याच्याबरोबर मापाचं पोलकं येतं, म्हणजे अंगाला जे सर्वांत नीट बसतं ते. तेव्हा गल्लीतल्या अकरा बाया आपलं सर्वांत चांगलं पोलकं सत्यभामाबाईंच्या पेटीवर ठेवून घरी बिनमापाच्या फिरू लागल्या. दिवाळीआधी सगळी शिवून मिळतील, असा शब्द सत्यभामाबाईंनी दिलेला होता. त्यांनी लहानपणी शेगावला मामीच्या मशीनवर हात बसवलेला होता आणि तेव्हापासून त्या एका मशीनची वाट पाहत होत्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. या काळात रंगरावांनी घरात आणलेल्या वस्तूंत तीन छत्र्या आणि इंग्रजी व्याकरण याखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं.

"अवो, पण मशीन आली कुठी?" रंगराव कापडांच्या ढिगाकडे पाहून म्हणाले.

"येऊन राह्यली न."

"मी अजून एक शब्द लिहिला नाही!"

"तुमीच म्हणले न डाव्या हाताचं काम. मंग उजव्या हातानं करा, लवकर होईन."

रंगराव बसले. चार दिवसांत त्यांना तीन शब्द सुचले. क्विझ, स्क्वीझ आणि क्वार्ट्झ. यातला तिसरा खडक असतो की औषध, याची त्यांना खात्री नव्हती. माणूस इंग्रजीत कितीही पुढे गेलेला असो, क्यू आणि झेड यांना एका शब्दात राहायला भाग पाडण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. ही अक्षरं म्हणजे एकाच भाऊबंदकीतली दोन घरं. लग्नकार्यातसुद्धा एका पंगतीला बसत नाहीत.

गल्लीने मात्र हात आखडता घेतला नाही. कौशल्याबाई म्हणाल्या, "भाऊजी, जुन्या तारा पाहा न. तारंत लय इंग्रजी असते." हायस्कूलच्या मास्तरांनी खूप विचार करून सांगितलं की क्यूनंतर यू येतो. पोस्टमन निवृत्ती सायकलवरून न उतरताच म्हणाला, "काझीसाहेबाचं लिवा न. कापडवाले. त्यांच्या पाटीवर क्यू भी हाय अन् झेड भी हाय. म्या रोज वाचतो."

रंगराव हसले. इंग्रजी येणारा माणूस न येणाऱ्यापुढे हसतो तसं. "अबे निवृत्ती, ते आडनाव आहे. विशेषनाम. चालत नाही."

"मी आपलं सांगतलं," निवृत्ती म्हणाला आणि घंटी वाजवत गेला.

आता उरली डिक्शनरी. गावात खरी डिक्शनरी एकच. सार्वजनिक वाचनालयाला कोणे एके काळी भेट मिळालेली, दोन भागांची, प्रत्येक भाग पाटावरवंट्यातल्या पाट्याएवढा. पहिला भाग ए ते एल. तो वाचनालयात होता. रंगरावांनी तीन दुपारी बसून तो चाळला आणि बेझिक, इक्वलाइझ असे मोजके शब्द गोळा केले. पण क्यू राहतो दुसऱ्या भागात. झेडही तिथेच. आणि दुसरा भाग, एम ते झेड, दोन वर्षांपासून कोर्टात जप्त होता.

त्याचं असं झालं होतं. वाचनालयाच्या वार्षिक सभेत कापसाचे आडते उत्तमराव यांनी प्रश्न विचारला की वर्तमानपत्र आधी वाचनालयात येतं की सेक्रेटरीच्या घरी चहाबरोबर वाचून मग इथे येतं. सेक्रेटरी भगवानराव म्हणाले, "थांबा, तुमाले नियम दाखवतो," आणि जो ग्रंथ हाताशी होता तो त्यांनी उचलला. ती नियमावली नव्हती. ती एम ते झेड होती. पुढच्या क्षणी ती उत्तमरावांच्या डाव्या खांद्यावर होती. उत्तमरावांचं म्हणणं, मारली. भगवानरावांचं म्हणणं, निसटली. या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसलेला, आणि म्हणून घटना नीट पाहिलेला, एकच माणूस होता, रंगराव. रंगरावांच्या घराच्या उजवीकडे उत्तमराव राहत आणि डावीकडे भगवानराव. साक्ष दिली असती तर कोणत्या तरी एका भिंतीपलीकडे जन्माचं वैर लागलं असतं. वांग्यात लपण्याचं कारण हे होतं.

आधी त्यांनी सरळ मार्ग धरला. डिक्शनरी पाहायला मिळावी म्हणून तिकीट लावून अर्ज दिला. अर्ज परत आला. 'मुद्देमाल पक्षकार, त्यांचे वकील अथवा साक्षीदार यांखेरीज इतरांस दाखवता येत नाही.' पक्षकार व्हायचं तर कोणाला तरी मारायला हवं होतं. वकील व्हायला वेळ नव्हता. राहिलं साक्षीदार होणं.

समन्स मिळालं. रंगराव मोतीरामला म्हणाले, "येक डाव लांबून तरी दाखवता का?"

मोतीरामने नाझरखान्याचं दार किलकिलं केलं. आत जप्तीच्या कुऱ्हाडी, सायकली, हातभट्टीची मडकी, सगळ्यांवर बोटभर धूळ. मधल्या फळीवर डिक्शनरी मात्र लख्ख पुसलेली. वर कोर्टाची चिठ्ठी आणि पानांत जागोजाग कागदाचे कपटे.

"चांगली ठेवली," रंगराव हरखून म्हणाले.

"रोज संध्याकाळी ते बंगल्यावर जाते न. सायेब केसचा अभ्यास करतात."

"दोन वर्षं?"

"केस अवघड आहे," मोतीराम म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तारीख लागली गुरुवारची. आणि गुरुवार हाच प्रवेशिकेचा शेवटचा दिवस होता. चारच्या एस.टी.ने टपाल शेगावला जाई, तिथून मेलने मुंबईला. ती एस.टी. चुकली की मशीन चुकली. सत्यभामाबाईंनी जाताना रंगरावांच्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाल्या, "अकरा बायाची अब्रू तुमच्या हाती आहे." हे वाक्य गल्लीत पुढे बरेच दिवस अर्धवट सांगितलं जात होतं, त्याचा रंगरावांना त्रास झाला.

पुकारा झाला. रंगराव पिंजऱ्यात उभे राहिले. खरं सांगेन, पूर्ण खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. त्या वेळी त्यांना त्यातल्या 'पूर्ण' या शब्दाचं काही वाटलं नाही.

उत्तमरावांच्या वकिलांनी डिक्शनरी त्यांच्यापुढे ठेवली. "साक्षीदार, घटनेतली डिक्शनरी ती हीच का?"

"पाहून सांगतो," रंगराव म्हणाले आणि त्यांनी क्यू उघडला.

कोर्ट थांबलं. भिंतीवरच्या घड्याळाची पाच मिनिटं गेली. रंगराव एक पान वाचत, टोपी काढून घाम पुसत, टोपीत काहीतरी करत आणि टोपी परत घालत.

"वरून ओळखू येत नाही का?" वकिलांनी विचारलं.

"वरून सगळ्याच डिक्शनऱ्या सारख्या दिसतात, वकीलसाहेब. माणसासारखंच आहे. आतून पाहिल्याशिवाय शपथेवर कसं सांगू?"

हे न्यायाधीशांना पटलेलं दिसलं. ते टेबलावर कोपर टेकून पुढे वाकले होते. आणखी पाच मिनिटं गेली. तेवढ्यात भगवानरावांचे वकील ताडकन उठले. "माझी हरकत आहे! साक्षीदार टोपीत काहीतरी लिहीत आहे!"

टोपी काढायला लावली. आत घडी केलेला कागद आणि बोटाएवढी पेन्सिल निघाली.

"हे काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"खुणा, साहेब. ओळख पटण्याच्या."

"वाचून दाखवा. साक्षीत येऊ द्या."

रंगरावांनी कागद मुठीत घट्ट धरला. तीन आठवड्यांची कमाई, टोपीत जपलेली, आता भर कोर्टात वाटायची! त्यांनी खाली बाकांकडे पाहिलं. उत्तमराव पुढे सरकले होते. भगवानराव पुढे सरकले होते. ही स्पर्धा काय आहे हे गल्लीला रंगरावांनीच पंधरा दिवस सांगितलेलं होतं. पण शपथ झाली होती. रंगराव वाचू लागले, मयताच्या सामानाची यादी वाचावी तशा आवाजात. "बेझिक. इक्वलाइझ. क्विझ. क्विझिकल. क्वार्ट्झ. क्वेट्झल, हा पक्षी आहे. स्क्वीझ..."

न्यायाधीश स्वतःच्या हाताने भराभर लिहून घेत होते. एखादा शब्द आला की ते मान डोलावत, जुना ओळखीचा भेटल्यासारखी. मधेच त्यांनी विचारलं, "सोलिलोक्वाइझ झालं का?"

"नाही, साहेब," रंगराव चकित होऊन म्हणाले.

"मग घ्या. म्हणजे... ओळख पूर्ण पटली पाहिजे. एस उघडा."

रंगरावांनी एस पाहिला, टी पाहिला, सोळा शब्द झाले. डिक्शनरी मिटताना पानं मागे पडली आणि क्यूचं पहिलंच पान, घाईत त्यांनी ओलांडलेलं, समोर उघडलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानसा शब्द बसला होता. काझी. अर्थ दिला होता, मुसलमानी कायद्याप्रमाणे निवाडा करणारा न्यायाधीश. आडनाव नव्हे, साधा इंग्रजी शब्द, कोशात छापलेला. निवृत्ती रोज पाटीवर वाचत होता तो.

रंगरावांनी त्यावर अंगठा ठेवला. हा कोणाच्या बापाला सुचणार नव्हता. हा एक गिळला तर बाकी सगळे सोळावर राहतील आणि आपण सतरावर. मग त्यांना ते 'पूर्ण' आठवलं.

"अंगठ्याखाली काय आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

रंगरावांनी अंगठा काढला. "काझी, साहेब. म्हणजे... आपणच."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं, डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाले, "सतरा!" मग भानावर येऊन, "साक्षीदाराने मुद्देमाल ओळखला असं लिहा. मारली की निसटली?"

"मारता मारता निसटली, साहेब," रंगराव म्हणाले. दोन वर्षं वांग्यात बसून त्यांनी हे एकच वाक्य तयार केलेलं होतं.

मधल्या सुट्टीत एक चमत्कार झाला. दोन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले उत्तमराव आणि भगवानराव कडुनिंबाखाली एकाच बाकावर बसलेले दिसले, कारण एकाकडे पेन होतं आणि दुसऱ्याकडे कागद. क्वेट्झल कसं लिहायचं यावरून बोलणं निघालं, त्यातून खांदा निघाला, त्यातून चहा निघाला, आणि तीन वाजता दोघांनी मिळून तडजोडीचा अर्ज दिला. केस निकालात निघाली. डिक्शनरी वाचनालयाला परत करण्याचा हुकूम झाला. हुकमावर सही करताना न्यायाधीशांचा चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा झाला होता, असं मोतीराम सांगतो.

रंगराव धावत पोस्टात गेले. रजिस्टरच्या खिडकीवर त्यांच्या पुढे भगवानराव होते. भगवानरावांच्या पुढे उत्तमराव होते. त्यांच्या पुढे कोर्टाचा शिपाई होता. चौघांच्या हातात पाकिटं होती आणि चारही पाकिटांवर मुंबईचा एकच पत्ता होता.

"काय हो रंगरावजी," उत्तमराव प्रेमाने म्हणाले, "तुमी भी?"

यावर इंग्रजीत उत्तम उत्तरं आहेत. रंगरावांनी त्या वेळी नुसतं पाकीट उलटं करून पत्ता झाकला.

तीन आठवड्यांनी तार आली. तार रंगरावांच्याच घरी आल्यामुळे गल्ली गोळा झाली आणि कौशल्याबाई सवयीने रडू लागल्या. रंगरावांनी वाचली, परत वाचली. देशभरातल्या भल्याभल्यांची गाडी सोळावर अडली होती. सतरा शब्द फक्त चार जणांचे, आणि चारही जण एकाच गावचे. पहिलं बक्षीस चौघांत मिळून : रंगराव, उत्तमराव, भगवानराव आणि कोणी आशाबाई.

"काझी लिवला का नाई?" निवृत्तीने विचारलं.

"लिहिला."

"मी आपलं सांगतलं होतं."

"ते राहू दे. ही आशाबाई कोण बे? आपल्या गावात क्यू येणारी बाई कोण?"

निवृत्तीने आकाशाकडे पाहिलं. टपाल खात्याची शपथ त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होती. "म्या काई सांगत नाई," तो म्हणाला. "पण त्यायच्या बंगल्यापुढं पट्टेवाला उभा राह्यते, अन् त्यायचे मालक काळा कोट घालतात."

चार विजेते आणि मशीन एक. दहा दिवसांनी ती शेगाव स्टेशनवर उतरली तेव्हा पार्सलबाबूने चार सह्या मागितल्या, म्हणून तिघं एस.टी.ने आणि चौथी सही पाकिटातून, अशी वरात गेली. मशीन गावात आली, पण कोणाच्या घरात उतरवायची? रंगरावांच्या घरी ठेवली तर उत्तमरावांना मंजूर नाही, उत्तमरावांच्या घरी ठेवली तर भगवानरावांना. बैलगाडी चौकात सोडून दोन तास चर्चा झाली.

"डोकं माह्याकडं, पाय तुमच्याकडं," उत्तमरावांनी सुचवलं.

"अन् चाक?" भगवानराव गरजले. "चाक काय वाचनालयाले देणगी देता?"

शेवटी उत्तमराव म्हणाले, "चला, कोर्टात जाऊ." असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळला. केस मिटल्यापासून त्यांना दर तारखेच्या दिवशी चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं.

दावा लागला. न्यायाधीशांनी कागद पाहिले, पक्षकारांत आशाबाई पाहिल्या आणि घसा साफ केला. हे काम आपल्याला चालवता येणार नाही, दुसऱ्या न्यायाधीशांसाठी कागद बुलढाण्याला पाठवतो, असं ते म्हणाले. तोवर मशीन नाझराच्या ताब्यात. मोतीरामने ती डिक्शनरीच्या रिकाम्या जागेजवळ, खिडकीपाशी ठेवली आणि तिच्यावर चिठ्ठी डकवली.

दिवाळीला बारा दिवस राहिले. एके दिवशी अकराच्या अकरा बाया अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"सत्यभामा," कौशल्याबाई म्हणाल्या, "पोलकं नाई तं नाई, मापाचं तरी वापस दे वो. दिवाळीले काय अंगावर कापडाचा तुकडा गुंडाळू?"

सत्यभामाबाई पेटीकडे वळल्या. बावीस वर्षांत त्या कधी रडल्या नव्हत्या आणि आताही रडल्या नाहीत, फक्त पेटीवरचा ढीग नीट करत राहिल्या. रंगरावांना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. बाया गेल्यावर ते म्हणाले, "माझं चुकलं. मी तो अंगठा काढायला नको होता."

"अंगठ्याचं सोडा. तुमी ते डिक्शनरी कशी पाह्यली होती?"

"साक्षीदार होऊन."

"मंग?"

"तू कायची साक्षीदार?"

"मशीनची. चालते का नाई हे कोनी पाह्यलं? डब्यातून आली तशी नेऊन ठेवली. उद्या निकाल लागन अन् मशीन बिघडेल निघन, तं चौघं भांडून राह्यले कायले? कोर्टाले समजाले नको?"

रंगरावांनी दौत पुढे ओढली. मग त्यांनी कागद घेतला आणि झोकात सुरुवात केली, 'आय हॅव द ऑनर टू...'

"जे मले समजत नाई त्याच्यावर मी सही करत नाई," सत्यभामाबाई म्हणाल्या.

रंगरावांनी कागद उलटा केला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मनापासून मराठी मसुदा लिहिला. सुरुवातीला अडखळले. मग 'सबब', 'उपरोक्त', 'यंत्राची चालू स्थिती', 'प्रत्यक्ष शिवून पाहिल्याखेरीज खात्री होणे अशक्य' असे एकेक शब्द घोडेस्वारासारखे येऊ लागले. 'तपासणीस लागणारे कापड अर्जदार स्वखुशीने आणील' हे वाक्य लिहून तर त्यांनी स्वतःच मान डोलावली. शेवटी आपणहून लिहिलं, 'आपली विश्वासू,' आणि त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या अर्जात हे दोन शब्द पुरेसे आहेत.

अर्ज दुसऱ्याच दिवशी मंजूर होऊन आला. ताब्याचा प्रश्न निवाड्याचा नसून जपणुकीचा असल्याने तपासणीस परवानगी, नाझरासमक्ष. इतर तिन्ही पक्षकारांची हरकत नव्हती. त्यांच्यापैकी दोघांच्या घरच्या बायांची कापडं त्या अकरांत होती, आणि तिसऱ्या पक्षकाराकडून अर्जाबरोबर निळ्या रेशमाचं एक कापड, मापाच्या पोलक्यासह, शिपायाच्या हाती आलं.

नऊ दिवस सत्यभामाबाई नाझरखान्यात बसल्या. जप्तीच्या कुऱ्हाडी आणि मडक्यांच्या मधे मशीन खडखडत होती. शेजारच्या खोलीत वकिलांना आवाज चढवून बोलावं लागत होतं आणि न्यायाधीश कोणाला काही म्हणत नव्हते. मोतीराम समक्ष बसून दोरा ओवून देत होता. रंगराव कचेरी सुटली की येत, बाहेरच्या बाकावर बसत आणि हुक लावत. जाणारे-येणारे पक्षकार थांबून बघत. इंग्रजीचा मालक हुक लावतोय, हे पाहून कोणी हसलंही असेल. पण रंगरावांचं लक्ष नव्हतं. आतून खडखड थांबली की ते वर बघत, आणि सत्यभामाबाई मान हलवून 'काई नाई, दोरा सरला' म्हणत. त्यांचा चेहरा मामीच्या मशीनवर बसलेल्या पोरीसारखा दिसत होता.

धनत्रयोदशीच्या दिवशी तपासणी पूर्ण झाली. अहवाल लिहिणं आवश्यक होतं. तो रंगरावांनी लिहिला, सत्यभामाबाईंनी वाचून पाहिला आणि खाली सही केली. कोर्टाच्या फायलीत तो अजून असेल :

'मुद्देमालाची तपासणी केली. मुद्देमाल चालतो. बारा वेळा खात्री केली. तथापि थंडीत यंत्र कसे चालते हे पाहणे राहिले असल्याने, संक्रांतीच्या आधीची तारीख मिळावी, ही विनंती.'

तारीख मिळाली.